कुणाच्या आवाजात

चित्रातल्या निळ्या पेल्याचा एक कोपरा चघळून चघळून पांढरा पडला होता, आणि प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये – हवा शिरली होती की लाळ, कोण जाणे – एक बारीकसा बुडबुडा अडकून बसला होता. मुक्ताने बोटाने दाबला की तो सरकून पाण्यावर जायचा, सोडला की पुन्हा पेल्याच्या काठाशी. चादर बदलायला गादी उचलली तेव्हा फळीवर हे कार्ड सापडलं. पाणी. म्हणजे ‘खेळायचं’ आणि ‘शू’ अजून बेपत्ताच, आणि ‘बाहेर’ तर दिवाळीच्या साफसफाईत केरात गेलं असणार… थेरपी केंद्रातल्या पूजा मॅडमनी किती निगुतीने कापून दिली होती ही कार्डं, मागे चिकटपट्टी लावून, प्रत्येक शब्दाला वेगळा रंग देऊन.

आल्हाद दारात उभा होता. तिच्या हाताकडे बघत होता की तिच्यामागच्या भिंतीकडे, ते सांगणं कठीण.

“पाणी हवंय राजा?” तिने कार्ड पुढे धरलं.

तो आला, कार्डाला वळसा घालून तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत खिडकीपाशी घेऊन गेला. खिडकी उघडायची होती. तिला ते तो हलायच्या आधीच कळलं होतं म्हणा – माधव नगरातल्या त्यांच्या गल्लीत सकाळी कबुतरं उतरतात आणि त्यांच्या पंखांचा फडफडाट त्याला ऐकायचा असतो. तिला कळायचंच सगळं. पाच वर्षांच्या त्या मुठीचा दाब जरासा बदलला की भूक, जरासा ढिला पडला की झोप. बँकेतली नोकरी सोडून ती ही एकच भाषा शिकली होती, आणि जगात ती भाषा येणारी ती एकटीच होती. “मुक्ताला विचारा, तिला त्याचं बरोबर कळतं” – असं सासरमाहेरचं कुणीही म्हणालं की तिच्या आत काहीतरी ऊबदार पसरायचं. त्या उबेचा तिला कधी संशय आला नव्हता. आजपर्यंत तरी.

“आज जाणारच का?” बाहेरून अक्कांनी विचारलं.

“हो अक्का. पूजा मॅडम म्हणाल्यात, टॅबलेट ऑनलाइन मागवू नका, त्याला दुकानात घेऊन जा. त्याच्या हाताला काय पेलतंय ते बघून घ्या.”

अक्का उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. सासूपण त्यांना कधी नीट जमलं नाही. बोलायचं ते शेंगेकडे बघून बोलायच्या. “आणा बाई, आणायचं ते आणा. पण ते डबडंच बोलायला लागलं, तर हा कशाला तोंड उघडेल? ह्याचा बाप सौमित्रसुद्धा उशिराच बोलला होता.”

हाच प्रश्न मुक्ताने स्वतः, ह्याच शब्दांत, डबडं एवढंच वगळून, पूजा मॅडमना विचारला होता.

आणि दुसरं एक होतं. अक्का ते बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. आल्हाद दीड वर्षाचा असताना घास भरवायला ती त्याच्यासमोर फोन धरायची… पडद्यावर बदकं पोहत जायची आणि तो डोळे न मिटता सगळा वरणभात खायचा. मग शब्द आलेच नाहीत, आणि इंदूरच्या एका लग्नात कुणीतरी मावशी म्हणाल्या, “मोबाईल दाखवला असेल ना? त्यानेच होतं.” मोठ्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मतःचा आहे, तुमच्या फोनने काही झालेलं नाही. तिने मान हलवली, पण त्या दिवसापासून घरात कुणी आल्हादसमोर फोन काढायचा नाही असा नियम झाला. तो तिने इतका कडक पाळला, की जणू उशिराने का होईना, बदकं परत फिरतील. आणि आता मी स्वतः जाऊन पडदा विकत आणायचा? स्वतः निवडून?

पूजा मॅडमच्या केंद्रातली ती दुपार. त्या लहानशा खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. “मुक्ता जी, इससे बोलना रुकता नहीं। वो मुँह से बोलेगा या नहीं, ये वादा मैं नहीं कर सकती। पर उसके पास कहने को बहुत कुछ है, ये मुझे दिखता है।”

“पर मैं तो समझती हूँ ना सब।”

“आप समझती हैं। और स्कूल में? बस में? और कभी-कभी आप भी…” त्या थांबल्या, हसल्या, आणि चिकटपट्टीची कात्रणं गोळा करू लागल्या.

आप भी – काय? ते अर्धं वाक्य तिच्याबरोबर घरी आलं होतं, आणि तेव्हापासून दातांत अडकलेल्या धाग्यासारखं…

ई-रिक्शा वळली तसं कोवळं ऊन आल्हादच्या मांडीवर आलं, आणि तो बोटं पसरून त्याच्याशी खेळत राहिला. टावर चौक जवळ आला तसे हॉर्न वाढले. त्याने कानांवर हात ठेवले, आणि तिने त्याच्या हातांवर आपले. अशी दोघं उतरली.

दुकानात बाहेरच्या गोंगाटाऐवजी पडद्यांचा गोंगाट होता. भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तोच धबधबा. गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेला विक्रेता पुढे आला – सुमीत, असं पट्टीवर लिहिलं होतं – आणि आल्हादकडे बघून लगेच त्याने एक लाल टॅबलेट काढला, जाड रबराच्या वेष्टणातला, वर मूठ असलेला.

“बच्चे के लिए ये बेस्ट है मैडम। गिर जाए, पटक दे, कुछ नहीं होगा। कार्टून, राइम्स, सब इसमें है। एक बार दे दो, घंटों बैठेगा। आप आराम से अपना काम करो।”

घंटों बैठेगा. तिला ती बदकं दिसली, एकामागून एक.

“मुझे उसे बिठाना नहीं है,” ती म्हणाली.

“तो?”

“बोलने के लिए चाहिए।”

“अच्छा, वीडियो कॉल! दादा-दादी बाहर हैं?”

शेजारी एक जोडपं चार्जर बघत होतं. मुक्ताला वाटलं, आता नेहमीचं वाक्य म्हणावं: ‘थोड़ा लेट है, अभी बोलता नहीं’. त्यातल्या ‘अभी’च्या आडोशाला ती किती वेळा उभी राहिली होती, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात, राम घाटावर त्याचं नाव-गोत्र विचारणाऱ्या पंड्यासमोर… पण आज तोंडातून आलं ते असं – “नहीं बोलता. ये उसके बदले बोलेगा।”

उसके बदले. वाक्य बाहेर पडल्यावर तिने ते ऐकलं. आत्तापर्यंत त्याच्याबदली बोलायला मी होते. आज मी माझ्याच जागेवर दुसरं कुणी नेमायला आले आहे, आणि त्याची पारख करायलाही मलाच उभं केलंय.

सुमीतचं पाठ केलेलं बोलणं थांबलं. त्याने मागे वळून टीव्हींचा आवाज बंद केला. धबधबे मुकाट कोसळत राहिले. “कौन सा ऐप डालना है मैडम, बताइए,” तो म्हणाला, एकदम साधेपणाने.

पूजा मॅडमनी सांगितलेलं ॲप उघडलं. चौकोनच चौकोन आणि त्यांत चित्रं. तिने पेल्यावर बोट ठेवलं आणि लाल टॅबलेट एका बाईच्या आवाजात म्हणाला, “पानी।”

पानी. बाणातला ण नव्हे, नळातला न. तिचा हात आपोआप मागे आला. “ह्यात मराठी – इसमें मराठी आएगी?”

सुमीतने बराच वेळ आत शोधलं. “इसमें तो नहीं आ रही। हिंदी से चल जाएगा ना मैडम? यहाँ तो सब हिंदी ही…”

खरं होतं त्याचं. रस्ता हिंदी, शाळा हिंदी, पूजा मॅडम हिंदी. सौमित्रला राग आला की तो हिंदीत यायचा, आणि अक्कासुद्धा भाजीवालीशी भांडताना अशी फर्मास माळवी हिंदी बोलायच्या की बघत राहावं. चाललं असतं. पण तिला एक शब्द आठवत होता आणि त्याला हिंदीत जागाच सापडत नव्हती. नहीं? ते तर सगळ्यालाच नहीं. पाऊस नहीं, बाबा घरी नहीं. नहीं चाहिए? लांबलचक, आणि वर जरा उद्धट. नको – तोंडाच्या आत तयार होतो आणि ओठ गोल करून संपतो, एवढाच, लहान मुलाच्या मुठीत मावेल असा. ते असूही दे आणि मला मात्र ते न लागू दे… सगळं त्या दोन अक्षरांत.

“दूसरा दिखाइए,” ती म्हणाली.

दुसरा करड्या रंगाचा होता. ना मूठ ना रबर, बँकेच्या काउंटरवर शोभेल असा. पण त्यात मराठी आली. सुमीतने विचारून विचारून एकेका चौकोनाखाली अक्षरं टाइप केली – पाणी, अजून, हो, नको, झालं – आणि ‘नको’ लिहिताना थांबून म्हणाला, “इसका मतलब ना?”

“ना नहीं। नको।”

“नको,” तो म्हणाला, चव बघितल्यासारखं.

तिने दोन्ही टॅबलेट खाली बसून आल्हादसमोर ठेवले. लाल रबर त्याने आधी जिभेने तपासलं आणि मूठ धरून तो झुलवू लागला. तिचा जीव जरा भांड्यात पडला: चला, आवडला. मग त्याने करड्यावर अंगठा टेकवला. सबंध अंगठा, आडवा, तो टेकवतो तसा. “अजून,” टॅबलेटमधली बाई म्हणाली. त्याने मान कलती केली. पुन्हा अंगठा. “अजून.” मग तो पोटावर आडवा झाला आणि जिथून आवाज येत होता तिथे कान लावून, डोळे मिटून, अंगठ्याने पुन्हा पुन्हा… अजून, अजून, अजून. लालवरचे चौकोन लहान, त्याचा आडवा अंगठा एकावर ठेवला की दोन बोलायचे. करड्यावर प्रत्येक चौकोनाला ऐसपैस जागा होती.

तिने देवासला सौमित्रला फोन लावला; मागे कारखान्याची घरघर. “लाल मजबूत आहे, मूठ आहे त्याला. करडा मराठी बोलतो.”

“तू ठरव गं. तुला त्याचं जास्त कळतं.”

ती ऊब पुन्हा पसरली, पण ह्या वेळी तिने ती पसरताना पाहिली.

करडाच घेतला. सुमीतने आत जाऊन त्याच्यासाठी मूठ आणि गळ्यात अडकवायचा पट्टा असलेलं वेष्टण शोधून आणलं, पट्टा आल्हादच्या उंचीला बेताचा करून दिला, आणि निघताना दाखवलं की चौकोन दाबून धरला तर माइक येतो. “अपनी आवाज़ भी डाल सकते हो मैडम। मम्मी की आवाज़।”

मम्मी की आवाज़! दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिला एकदम हलकं वाटलं. म्हणजे जागा गेली नव्हती तिची. त्या अनोळखी बाईला काढायचं, आणि आपणच जाऊन बसायचं त्या चौकोनांत… पाणी मी म्हणेन, अजून मी म्हणेन. मग हे काही परकं राहणार नाही.

चौकापलीकडच्या हॉटेलात तिने पोहे आणि जलेबी सांगितली. जलेबी आल्हादसाठी, ती त्याची फार आवडती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, वाढदिवसालासुद्धा केकऐवजी जलेबीच असायची. टॅबलेट त्याच्यापुढे टेबलावर ठेवला होता, उगाचच, कुणी मागेल तर दाखवावा असा. बशी आली. तिने कडेचा तुकडा मोडला, फुंकर घालून त्याच्या तोंडाशी नेला. “आ कर.”

त्याचं तोंड सवयीने अर्धं उघडलं. मग मिटलं. अंगठा सरकला.

“नको.”

चुकून लागला. तिने टॅबलेट जरा बाजूला सारला आणि तुकडा पुन्हा पुढे केला. “आ कर राजा. जलेबी आहे.”

तो टेबलावर ओणवा झाला, हात लांबवून त्याने चौकोन गाठला.

“नको.”

तिच्या बोटांवरून पाक ओघळत मनगटापर्यंत आला. पलीकडच्या टेबलावरचे आजोबा चमचा धरून बघत राहिले होते. तिने तिसऱ्यांदा हात पुढे केला, अगदी सावकाश, आता भरवण्यासाठी नाही, विचारण्यासाठी, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच तिला उत्तर माहीत नव्हतं. आल्हादने तिच्याकडे पाहिलं. तिच्यामागच्या भिंतीकडे नाही, तिच्याकडे. “नको. नको.”

तो जलेबी गालात धरून ठेवायचा. किती वेळ धरून ठेवायचा… आणि ती अक्कांना सांगायची, बघा कसा चवीने खातो, पुरवून पुरवून. सौमित्रला फोटो पाठवायची, फुगलेल्या गालाचे, आडून चोरून काढलेले. ते गिळवत नव्हतं त्याला? केव्हापासून? आप भी, मुक्ता जी, कभी-कभी आप भी… आणि खिडकी? कबुतरं? ती तरी खरी का? की तो मला दुसरंच काही दाखवायला नेत होता, आणि मी खिडकी उघडून, पटकन उघडून, प्रत्येक वेळी त्याला गप्प करत होते?

आणि त्याच वेळी, तिला स्वतःला नवल वाटलं, पोटातून हसू यायला लागलं. त्याने तिच्या पोह्यांच्या बशीवरची लिंबाची फोड उचलली होती आणि तो ती चोखत होता. डोळे गच्च, खांदे कानापर्यंत, सबंध अंगावर शहारा, आणि पुन्हा चोखत होता. लिंबू! हा लिंबू खाणारा मुलगा कोण? ह्याची माझी ओळखच नाही. पाच वर्षं ज्याचं सगळं मला कळतं तो एक मुलगा, आणि हा समोर बसलेला, आंबट तोंडाचा, मला ठामपणे नकार देणारा हा एक… आणि ह्याला अजून काय काय आवडत नसेल!

“मैडम, जलेबी ठंडी हो रही है,” वेटर म्हणाला. “बाबू नहीं खा रहा?”

“नको म्हणतोय तो,” ती मराठीतच बोलून गेली, आणि मग, “मतलब, वो बोल रहा है, उसको नहीं चाहिए।”

तिने त्याचं बोलणं आजवर हजारदा लोकांना सांगितलं होतं. पण तो जे बोलला तेच सांगण्याची ही पहिलीच खेप होती. जलेबी तिने स्वतःच संपवली. चांगली होती.

अक्का दारातच उभ्या होत्या. “काय बोललं डबडं?”

“जलेबी नको म्हणाला.”

“कोण?”

“आल्हाद.”

“मी दर सोमवारी मुद्दाम मागवते गं त्याच्यासाठी…” अक्का म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. मग आत गेल्या, पेरूची फोड घेऊन आल्या, आल्हादच्या पुढ्यात गुडघ्यांना सांभाळत खाली बसल्या आणि एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पेरू घेणार का रे?”

आणि थांबल्या. मुक्ताच्या तोंडाशी आलं होतं – घेईल अक्का, द्या, बिया काढा तेवढ्या – ते तिने गिळलं. आल्हाद पट्ट्याचं टोक चावत होता. अक्का थांबून होत्या. ह्या घरात त्याला प्रश्न विचारून झाल्यावर असं कुणी थांबलं नव्हतं. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं, आणि बहुतेक वेळा ते तिचं असायचं. बऱ्याच वेळाने तो उठला आणि पंख्याखाली जाऊन गिरकी घेऊ लागला. “बरं, मग बघू,” अक्का म्हणाल्या, आणि फोड त्यांनी स्वतःच खाल्ली, जराही न रागावता.

संध्याकाळी गच्चीवर, ऊन कलल्यावर, तिने ‘नको’चा चौकोन दाबून धरला. माइक आला. ती म्हणाली, “नको.” मग ऐकलं. आवाज तिचा होता, स्वच्छ होता, आणि तरी… हा तर तो नको, जो ती त्याला म्हणते. पंख्याकडे नको, रस्त्यावर नको, तोंडात नको. ह्या आवाजात तो मला नको म्हणणार? माझ्याच तोंडाने मला? तिने ते पुसून टाकलं. अनोळखी बाई मुकाट्याने परत आली, तात्पुरती.

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. “आउट नहीं था यार!” – एक चिरका आवाज, त्यावर एक घोगरा, सर्दी झाल्यासारखा, कुणीतरी आईला मराठीत ओरडून सांगत होतं, येतो गं, पाच मिनिटं. एरवी ह्या वेळी ती गच्चीचं दार लावून घ्यायची. आज ती कठड्याला टेकून, चौकोनात कुणाचा भरता येईल म्हणून, एकेक आवाज वेगळा करून ऐकत होती – हा फार बारीक, हा फार शहाणा, ह्यात धार आहे पण माया नाही – आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आल्हादचा आवाज कसा असेल ह्याचा विचार आपण एकदाही केला नाही. धजावलोच नाही. सौमित्रसारखा जाड असेल? की अक्कांसारखा नाकातून येणारा? नको म्हणताना तो शेवटचा ओ जरा लांबवेल, हट्टाने… लांबवेलच असं नाही. मला काय ठाऊक!

आल्हाद शेजारी येऊन बसला होता, टॅबलेट मांडीवर. त्याचा अंगठा चौकोनांवरून, काचेला न टेकता, सावकाश फिरत होता – पाण्यावर, मग अजूनवर, मग कुठेच नाही. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला माहीत नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसली, घाई न करता, आणि न कळण्यातही इतकं सुख असतं ह्याचं तिला पुन्हा पुन्हा नवल वाटत राहिलं.